पेटीतील चिरूट उन्हांत घातले त्याची हकीकत

श्रीकुलदेवतेचे पायीं माथा ठेवून, जाहलें तैसें लिहितों, झांकीत नाहीं. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सर, वैशाखमासीं टोपीकर इंग्रजांचा वकील दरबारीं आला आणि सरकारांस चिरुटांची पेटी नजर केली, आणि ती कोठीवाले विसाजीपंतांचे स्वाधीन जाहली. कोठी पंतांचे घराण्यांत तीन पिढ्यांची, ती आपले हातून जाऊं नये हाच त्यांस घोर. मग वकिलाच्या दुभाष्यानें पंतांस समजाविलें कीं, पेटी सावलींत मिटून ठेवावी, आंत थोडी ओल राखावी, उग्र वास जवळ नसावा आणि धूर न गिळतां तोंडांत घोळवून सोडावा. पंत ऐकतात कशाला! “आम्हांस ठाऊक,” म्हणोन मान हालविली. घरीं येऊन ओल म्हणजे बुरशी ऐसा विचार केला आणि चिरूट गच्चीवर पापडांशेजारीं वाळत घातले. कुटुंब आवडाबाई म्हणाल्या, “अहो, सावलींत ठेवा म्हणाले होते ना?” पंत म्हणाले, “तुम्ही पापडांपुरतें पहा.” आणि कीड लागूं नये म्हणोन वाळले चिरूट हिंगाच्या बरणींत भरले.

मग श्रावणांत वकील तहास आला आणि सरकारांनीं मोठ्या हौसेनें चिरूट शिलगाविले. तों ते गवतासारखे भडकले, हिंगाचा भपकारा सुटला आणि सरकारांस ऐसा ठसका लागला कीं पगडी सांवरेना. वकील बापडा डोळ्यांतून पाणी गाळीत शिष्टाचार म्हणोन ओढीतच राहिला. सरकारांनीं पुसिलें, “ही ठेवण कोणाची?” पंतांस कोठी गेलीसें वाटलें आणि तोंडांतून निघालें, “महाराज, घरांतून जाहली.” बोलले आणि तेव्हांच मेल्याहून मेले. मग आवडाबाईंस बोलाविलें, त्या चिकाच्या पडद्याआड उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “होय महाराज, मला समजलें नाहीं.” दरबार खो खो हंसला, सरकारांनीं क्षमा केली, कोठी पंतांकडेच राहिली.

घरीं येतां पंत लाजेनें खालीं पाहत म्हणाले, “खोटें कां बोललांत?” बाई पदर सांवरीत म्हणाल्या, “तुम्ही आधींच बोलून बसलां होतां. चारचौघांत तुम्हांस खोटें कसें पाडूं?”

तात्पर्य, तह जाहला, दौलत राहिली, कोठीही राहिली. बाईंस मात्र गांव हयातभर चिरूटवाली म्हणोन हंसत राहिला, आणि पंतांनीं एकदांही कोणास अडविलें नाहीं.