प्रणालीचा फोन माझ्या खिशात

बायकोचा फोन दोन दिवस आपल्या खिशात ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. प्रणाली आमच्या पंचायत समितीची सदस्य आणि मी तिचा नवरा, म्हणजे अर्धा सदस्य. (सह्या तिच्या, भाषणं माझी.) अडीच वर्षं संपली, सभापतीची निवडणूक पुन्हा आली. एक जागा रिकामी. उरलेल्या सातांत आमचे चार, त्यांचे तीन. एक हात जरी तिकडे वर झाला तरी सत्ता गेली. म्हणून आमचे नेते पंजाबराव यांनी चौघांना, आणि सोबत मलाही, सहलीच्या नावाखाली चिखलदऱ्याला नेऊन ठेवलं आणि फोन बंद करायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळूच तिचा फोन सुरू केला. अकोल्याहून तिचा भाऊ शिवम याचे अकरा मिसकॉल आणि एक मेसेज: 'बाबा सिरियस हायेत. लवकर ये.' आता हा शिवम पडला समोरच्या पक्षाचा. मी मेसेज पंजाबरावांना दाखवला. चहा पीत ते म्हणाले, "मागच्या खेपेस तिघांचे बाप सिरियस झाले होते. तिघंही अजून टनाटन हायेत." मला पटलं. मी प्रणालीच्या नावानं उत्तर पाठवलं, 'मतदान झाल्यावर येते.' (खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं. माझी हुशारी.) आणि फोन पुन्हा बंद केला.

बाबा खरंच सिरियस होते. त्याच संध्याकाळी ते गेले. लेकीचं उत्तर हातात होतं, म्हणून कुणी तिची वाट पाहिली नाही. दुसऱ्या सकाळीच सगळं उरकलं.

प्रणालीला हे कळलं मतदानाच्या दिवशी, पंचायत समितीच्या फाटकात. समोरच्या पक्षाची आरती तिला जवळ घेऊन रडायला लागली, तेव्हा. प्रणाली माझ्याकडे वळली.

"शिवमचा फोन आला होता?"

"आला होता. पण मले वाटलं..."

"तुमाले काय वाटलं ते नका सांगू. बाबानं माहं नाव घेतलं असन का नाही, ते सांगा."

ती आत गेली आणि तिनं समोरच्यांसाठी हात वर केला. बाहेर गुलाल उडाला, तो त्यांचा. पंजाबरावांनी मला तिथल्या तिथं पक्षातून काढून टाकलं.

दुपारी आम्ही अकोल्याला, जुन्या शहरातल्या तिच्या माहेरी पोचलो. बाबांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. ती पाहून मला रडू फुटलं, अगदी ओक्साबोक्शी. (खरं रडू. पण आता माझं कोण खरं मानणार?) कोपऱ्यात बसलेल्या, नजर गेलेल्या गोदाआत्यांनी विचारलं, "हा कोन रडून राहिला?"

प्रणालीनं मान वर केली नाही.

"आमच्या पार्टीचा मानूस हाय, आत्या."

पार्टीनंही मला सकाळीच काढलंय, हे मी सांगणार होतो. पण मग ओळख सांगायला काहीच उरलं नसतं.