आधी उसवायला शिका

आमच्या सोनवणेबाईंनी एकदा कॉम्प्युटरच्या माऊसला तेल पाजलं. थापा नाही मारत, मी समोर उभा होतो. माऊस अडखळत होता. बाईंनी पर्समधून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली, माऊस उलटा केला आणि थेंब सोडले. वर मलाच म्हणाल्या, "बघताय काय सर? मशीन म्हटलं की तेलपाणी आलंच." माऊस त्या दिवशी जो गप्प झाला, तो कायमचाच.

बाई आमच्या सातपूरच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. मी गणिताचा. दोन हजार सालच्या सुमाराला अंबडच्या एका कारखान्याने आपले जुने चार कॉम्प्युटर शाळेला दिले. संस्थेने लगेच शिवणाचा वर्ग बंद करून ती खोली कॉम्प्युटरला देऊन टाकली आणि बाई 'अतिरिक्त' ठरल्या. अतिरिक्त म्हणजे बदली थेट लांब डोंगरातल्या पेठला, नाहीतर घरी बसा. मुख्याध्यापकांना दया आली. म्हणाले, "बाई, तुम्हाला मशीनची सवय आहेच, हीपण सांभाळा. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येतील. त्यांना काम पटलं तर तुम्ही इथेच." झालं! एवढ्या पात्रतेवर बाई कॉम्प्युटर टीचर!

पण बाईंनी कंबर कसली. शाळा सुटली की बस पकडून शहरात शालिमारला कॉम्प्युटरच्या क्लासला जायच्या आणि नातवंडं शोभतील अशा पोरांच्या शेजारी बसायच्या. इकडे चारही मॉनिटरना झालरीची झबली शिवली. दसऱ्याला सीपीयूवर नारळ फोडायला निघाल्या होत्या, मी आडवा आलो म्हणून निभावलं.

शिकवणंही शिवणाचंच. "पाठ ताठ! वाकून बसलं की टाका वाकडा जातो." आणि पहिला धडा एकच, "आधी उसवायला शिका. ज्याला उसवता येतं ना, तो शिवायला घाबरत नाही." म्हणजे काय, तर पोरांनी वाट्टेल ते टाईप करायचं आणि कंट्रोल-झेड दाबून मागे घ्यायचं. कितीतरी दिवस हेच! मी चिडवायचो, "बाई, पोरं लिहिणार कधी?"

"लिहितील हो. तुमचं काय अडलंय?"

तपासणीचा दिवस उजाडला. मुलींनी खपून शाळेची माहिती टाईप करून ठेवली होती. साहेब स्वतःच खुर्चीत बसले, "बघू बरं" म्हणत काहीतरी दाबलं आणि अख्खं पान गायब! मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी पदर मुठीत गच्च धरला. मला वाटलं, गेली बाईंची नोकरी.

तोच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सर, उसवा! कंट्रोल-झेड!"

साहेबांनी दचकून दाबलं. पान परत हजर! मग ते असे हसले, असे हसले, की त्यांना ठसकाच लागला. शेरा मिळाला, 'उत्तम'.

मी पेढे घेऊन धावतच कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. बाई एकट्याच मॉनिटरना झबली चढवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, रडताय काय? जिंकलात! आता रिटायर होईपर्यंत दोन वर्षं तुम्हाला कुणी हलवत नाही."

"दोनच ना हो, सर?"

मग झबल्याची नाडी बांधत बाई म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून घरी मला हाक मारणारं कुणी नाही. कुलूप काढायचं, दिवा लावायचा, एकटीनं जेवायचं. इथे दिवसभर 'बाई, बाई' चाललेलं असतं. त्या हाकेसाठी शिकले हो हे सगळं. नाहीतर या वयात कुणाला हौस आलीय?"

मला गलबलून आलं आणि मी एक पेढा काढून त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात पटांगणातून पोरींचा गलका आला, "बाईऽऽ!"

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि "आले गं, आले!" करत अशा धावल्या, की पेढा माझ्या हातातच राहिला.