सात वाजताचा गरम प्रवाह

संशोधकाची नोकरी कायम होणं एका अहवालावर अडलं होतं: किनाऱ्याजवळचे मासे गेले कुठे? त्यासाठी त्याने पाण्याचं तापमान टिपणारी एक नळी पंधरा दिवस धक्क्याखाली समुद्रात बांधून ठेवली होती. तशीच दुसरी नळी जादा म्हणून घरी पडून होती.

घरी सासरेही मुक्कामाला होते, पण ते पडून राहणाऱ्यांतले नव्हते. आंघोळीचं पाणी रोज कोमट असतं, ही त्यांची लेकीविरुद्धची जुनी तक्रार. आता पुरावाच गोळा करू म्हणून ती जादा नळी ते गुपचूप बादलीत सोडू लागले आणि मग न्हाणीघराच्या फळीवर मागे सारून ठेवू लागले.

पंधरा दिवसांनी संशोधकाने समुद्रातली नळी घरी आणून धुतली आणि न्हाणीघराच्या फळीवर वाळत ठेवली. सकाळी घाईत हाताला लागली ती नळी उचलून त्याने ऑफिस गाठलं.

आलेख पाहून साहेब खुर्चीतून उठलेच. रोज सकाळी सात वाजता तापमान थेट त्रेचाळीस!

"गरम प्रवाह! अरे, यात पाण्यातलं बारीक शेवाळ शिजतं. मग ते खाणारे छोटे मासे पळतात आणि त्यांच्यामागे मोठे. सापडलं!"

"साहेब, जरा जास्तच गरम वाटतंय."

"तू कायम झालास असं समज."

मग संशोधकालाही पाणी तितकंसं गरम वाटेना.

दुपारी मच्छीमारांची सभा भरली. प्रवाहाला साहेबांनी स्वतःचं आडनावही देऊन टाकलं होतं. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने आलेखावर बोट ठेवलं. "साहेब, हा रविवारी नऊला कसा काय येतो?"

संशोधकाने आलेख जवळ ओढला. रविवारी उशिरा उठून नऊला आंघोळ करणारा एकच माणूस त्याच्या ओळखीचा होता.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "ही आमच्या सासऱ्यांची आंघोळ आहे."

सभा पोट धरून हसली. तो धावत घरी जाऊन खरी नळी घेऊन आला. तिच्या आलेखात एकही उंचवटा नव्हता. रात्रंदिवस पाणी नेहमीपेक्षा तीन अंशांनी गरम, बस.

साहेबांचा चेहरा पडला. "यात काहीच नाही."

"काही नाही कसं?" म्हातारा म्हणाला. "दरवर्षी या दिवसांत खालचं थंड पाणी वर येतं, त्याच्याबरोबर माशांचं खाणं येतं. यंदा ते वर आलंच नाही. मासा बिचारा गारव्याला खोल गेला."

अहवाल त्यावरच लिहिला गेला. साहेबांनी मुकाट्याने सही केली आणि नोकरी कायम झाली.

घरी बायकोने पहिला आलेख फ्रिजवर चिकटवला. "बघा बाबा, त्रेचाळीस! म्हणे कोमट!"

सासऱ्यांनी चष्मा लावून तो नीट निरखला.

"जावईबापू, यंत्र बिघडलंय तुमचं. त्या समुद्रातही एकदा हात घालून बघा."