आमच्या अंगणातला खोकला

जनूकाकांना खोकला आला की ते कुंपण ओलांडून आमच्या अंगणात येत, पोटभर खोकत आणि परत आपल्या घरी जात.

"तुमच्याकडे का नाही खोकत?" माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं.

"आमच्या ओट्यावर आशाताई बसलीय. मोबाईल घेऊन."

आशाताई म्हणजे आमच्या आगाशी गावात घरोघर तब्येत विचारत फिरणारी संगीता. पूर्वी ती वहीत लिहायची, तेव्हा काका तिला चहा देत. आता मोबाईलमध्ये भरते, तर चहा बंद. "वही बिचारी गप्प बसते. हे यंत्र पोटात ठेवतं आणि वर कळवतं." वर म्हणजे कुठे, ते काकांनी कधी सांगितलं नाही. संगीताने मोबाईल ओट्यावर ठेवला की त्यावर ते पातेलं उपडं घालत. वाडीत केळीचे घड किती धरलेत, हेसुद्धा त्याच्यासमोर बोलत नसत.

"काका, पातेलं काढा. खोकला आहे का, एवढंच विचारतेय."

"मला? छे! शेजारच्या सुमनला आहे. कधीचा ऐकतोय."

सुमन म्हणजे मी. मला चार शब्द बोलायचे तर घाम फुटतो. थुंकी तपासायची डबी माझ्या हातात देऊन संगीता पुढच्या घरी गेली, तरी माझं तोंड उघडलं नव्हतं. लगेच कुंपणावरून काकांचा हात आला. "दे इकडे. तुला काय जमणार खोकायला!"

दुसऱ्या सकाळी भरलेली डबी आमच्या पायरीवर हजर.

काही दिवसांनी संगीता धावत आली. "सुमनवहिनी, तुम्हाला क्षयरोग निघालाय. मोबाईलवर आलंय." सासूबाईंनी तिथल्या तिथे माझं ताट वेगळं केलं. मग मात्र मी बोलले. संगीताला हाताला धरून काकांच्या घरात नेलं.

आत काकू झोपून असतात. अर्धांगाने वाचाही गेली आहे. काका त्यांना कुशीवर वळवत होते, वळवता वळवता खोकत होते.

"काका, डबी तुमची होती ना?" संगीताने विचारलं.

काकांनी आधी तिच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. "वर कळलं की मला उचलून नेतील. मग हिची कूस कोण बदलणार? ते यंत्र?"

संगीताने मोबाईल पिशवीत टाकला. "कुणी नेत नाही हो. गोळ्या घरीच घ्यायच्या. फक्त उद्या छातीचा फोटो काढायला चला. आणि तोंडाला फडकं बांधा, नाहीतर काकूंना लागण होईल."

काकांनी खांद्यावरचा पंचा घाईघाईने तोंडावर दाबला.

"मी बसते उद्या काकूंजवळ," मी म्हटलं.

सकाळी त्यांनी मला शिकवलं. आधी खांदा, मग कंबर. ओढायचं नाही. दारात रिक्षा आली. काका बसले, पुन्हा उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. मी काकूंना वळवत होते. ते संशयाने माझ्या हातांकडे बघत होते.

"ही नीट करते का गं?" त्यांनी पंच्याआडून विचारलं. "खरं सांग."

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. तेव्हा कुठे काका रिक्षात जाऊन बसले.