नातीच्या नोकरीत माझी खुर्ची

आधी माझा राग सांगून टाकतो, म्हणजे पुढची गोष्ट निवांत सांगता येईल. जन्मभर मी लोकांना फसवत आलो. शाळेत मास्तरांच्या छत्रीत खडूची पूड भरली, तेव्हा शाळा सुटली (माझी एकट्याची, बाकीच्यांची चालू राहिली). पुढे जिथे जिथे काम केलं, तिथे मुकादमांनी माझ्या नावाने बोटं मोडली. या कलेबद्दल मला कधी कोणी शाबासकी दिली नाही. आणि आता माझी नात नेमकं हेच काम करते, तर तिला पगार, गळ्यात फोटोचं कार्ड आणि बसायला गार हवेची खोली. याला न्याय म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

तिचं काम म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण. हल्लीचे चोर खिडकीतून येत नाहीत, ईमेलमधून येतात. गोडगोड लिहितात, खाली म्हणतात, इथे दाबा. माणूस दाबतो आणि कंपनीच्या सगळ्या किल्ल्या चोराच्या खिशात जातात. म्हणून नात आधी स्वतःच खोटी ईमेल पाठवते, कोण दाबतो ते बघते आणि दाबणाऱ्याला शहाणं करते.

पण तिची नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की घरी पाठवायचं, ते तिच्या साहेबाच्या हातात. या साहेबाला मी मुंडीहलवे म्हणतो, कारण समोरचा बोलायच्या आतच त्याची मान नकारार्थी हलायला लागते. त्या ऑफिसात वयाने सगळ्यात लहान ही, त्यात मुलगी. जो तो हाक मारणार, "अगं, प्रिंटर अडकलाय, बघ जरा."

एका संध्याकाळी आली आणि बॅग कोपऱ्यात भिरकावली.

"आबा, मी चोर पकडायला शिकले. आज दिवसभर प्रिंटरच्या पोटातून कागद उपसले."

"आणि तुझी ती खोटी ईमेल?"

"कोणीच दाबलं नाही. साहेब म्हणाले, आपली माणसं हुशार आहेत, मग या कामाला वेगळं माणूस कशाला ठेवायचं?"

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, दाखव बघू काय लिहिलं होतंस. बघतो तर, "आदरणीय सहकारी, आपणांस मोठे बक्षीस लागले आहे." खाली दोनदा कृपया. इतक्या नम्रपणे कोणी कोणाला फसवतं का?

"पोरी, बक्षिसावर कोणाचा विश्वास बसतो? शेजारच्या टेबलाला काय मिळणार ते लिही, मग बघ."

आणि मी तिला मजकूर सांगितला (मी सांगितलं, तिने शुद्ध करून घेतलं). ऑफिसात नव्या खुर्च्या येत आहेत. हात असलेल्या खुर्च्या थोड्याच आहेत. जे आज नोंदणी करणार नाहीत, त्यांना बिनहाताची खुर्ची मिळेल. इथे दाबा.

मुंडीहलव्यांनी ती ईमेल वाचली, मान हलवली आणि परवानगी दिली. "पाठव. कोणी दाबणार नाही."

सगळ्यांनी दाबलं. काहींनी परत परत दाबलं. हिशेबखात्यातल्या बाईंनी तर कोणी विचारलं नसताना रंगही कळवला. आणि ज्यांनी परवानगी दिली, त्या मुंडीहलव्यांनीसुद्धा दाबलं. नातीने विचारलं तेव्हा म्हणाले, "खोटी आहे हे मला माहीत होतं गं. पण म्हटलं, खुर्च्या खरंच आल्या तर?"

फसवले गेलो याचं कोणाला काही वाटलं नाही. राग आला तो खुर्च्या नाहीत याचा. नात घसा कोरडा करून सांगत होती की खुर्च्या नव्हत्याच, ही चाचणी होती. "म्हणजे वरच्या मजल्याला दिल्या तर," असं म्हणून लोक तिच्याकडे पाठ फिरवत होते. कहर म्हणजे कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आपली जुनी खुर्ची त्याच दुपारी खाली वॉचमनला देऊन टाकली होती आणि ते केबिनमध्ये उभे होते.

"उद्या मोठ्या साहेबांनी बोलावलंय," नात म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आमचे साहेब सांगणार आहेत, चाचणी अन्यायाची होती, मुलगी अननुभवी आहे. म्हणजे मी घरीच."

रात्रभर माझ्या अंगाची आग होत होती. सकाळी ती गेल्यावर मी विचार केला, त्या मोठ्या माणसाला खुर्चीच हवी ना, मग घे बाबा. घडीची लोखंडी खुर्ची काखोटीला मारली.

"अहो, कुठे निघालात?" आजीबाईंनी विचारलं (नातीच्या आजी, म्हणजे माझ्या सरकार).

"न्याय मागायला."

"मग खुर्ची कशाला?"

"न्यायाला वेळ लागतो."

वाटेत मी जय्यत तयारी केली. खोटं नाव, खोटा धंदा, खोटं गाव, सगळं जुळवून ठेवलं. गेटवर वॉचमन मोठ्या साहेबांच्या कातडी खुर्चीत ऐसपैस बसला होता. मी तोंड उघडणार, तोच त्याने फाटक उघडलं. "आल्या का एकदाच्या? न्या आत." एका बाईने लिफ्ट धरून ठेवली. एकाने आपलं कार्ड लावून काचेचं दार उघडलं आणि विचारलं, "बाकीच्या मागून येतायत ना?"

"येतायत," मी म्हटलं. (सवय जात नाही.)

त्याने मला थेट एका कुलूपबंद खोलीत नेलं. आत थंडगार हवा, लुकलुकणारे दिवे आणि घुंघुं करणारी कपाटं. "इथे ठेवा, बाहेर ठेवली तर वरच्या मजल्याचे पळवतील," असं सांगून तो निघून गेला. कंपनीची सगळी माहिती त्या कपाटांत होती, आणि आमच्या नातीलाही तिथे एकटीने जायची परवानगी नव्हती, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझं नाव कोणीही विचारलेलं नाही. एवढं चांगलं जुळवलं होतं, सगळं वाया. उठलो, खुर्ची उचलली आणि विचारत विचारत मोठ्या साहेबांची केबिन गाठली.

आत दोन्ही साहेब उभे. नात मान खाली घालून. मुंडीहलवे सांगत होते, "ईमेलचं सोडा साहेब. आपला बंदोबस्त इतका चोख आहे की बाहेरचं माणूस आत शिरूच शकत नाही."

मी दार ढकललं.

"आली वाटतं," असं म्हणून मोठ्या साहेबांनी माझ्या हातातून खुर्ची घेतली, उलगडली आणि बसले. मग त्यांना मी दिसलो. "आपण कोणत्या खात्यातले?"

"घरातला. हिचा आजोबा."

नातीचा चेहरा पांढराफटक. वाटलं, आता रडते. पण तिने पदर नसला तरी कमर कसली आणि पोलिसी आवाज काढला.

"आबा, गेटवर तुम्हाला काय विचारलं?"

"आल्या का एकदाच्या."

"नाव?"

"नाही. मी तयार केलं होतं, सांगू का?"

"नको. नंतर कुठे गेलात?"

"त्या लुकलुकणाऱ्या थंड खोलीत. एकानेच उघडून दिली. एकटाच बसलो होतो."

मुंडीहलव्यांची मान जन्मात पहिल्यांदा थांबली. मोठे साहेब खुर्चीतून हळूच उठले आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा." मग नातीकडे वळले. "हे सगळं लिहून दे. आणि उद्यापासून सगळ्यांना तू शिकव. आधी यांना." यांना म्हणजे कोणाला, ते सांगायला नको. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी पक्की झाली.

घरी तिने अहवाल दाखवला. मी चष्मा पुसून माझं कौतुक शोधायला लागलो. सापडलं ते असं: "घुसखोर, एक वयस्क इसम. तयारी काही नाही. कसब शून्य."

"शून्य?" मी उडालोच. "जन्म घालवला मी यात. मास्तरांना विचार, मुकादमांना विचार. निदान थोडं तरी लिही."

"आबा, तुम्हाला कसब आहे असं लिहिलं, तर ते म्हणतील, भारी माणूस होता, आमचा काय दोष? कसब शून्य असलेला माणूस आत आला, म्हणजे चूक त्यांची. त्यावरच तर माझी नोकरी राहिली."

मी दाद मागायला सरकारांकडे वळलो. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि नातीला परत दिला.

"एवढं ओळखायला तुला कॉम्प्युटर शिकावा लागला होय? मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं."