टाकीकाकांच्या बाटल्या

टाकीकाकांनी ठरवलं, यावेळी जे काय करायचं ते कुणाला कळू न देता करायचं. इथेच माती खाल्ली. माणूस लपवाछपवी करायला लागला की शेजारपाजाऱ्यांची नाकं कुत्र्याहून तिखट होतात, हे ज्याला कळत नाही त्यानं खुशाल चव्हाट्यावर बसून कारभार करावा.

टाकीकाका म्हणजे बस डेपोतले रिटायर्ड फोरमन. मागे एकदा नळाचं पाणी बंद होणार अशी आवई उठली, तेव्हा यांनी ड्रम, बादल्या, पातेली, शेवटी बायकोचा प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला. पाणी काही गेलं नाही. गेलं ते यांच्याच ड्रमला भोक पडून खालच्या शिंपिणीच्या घरात. तेव्हापासून बारकी पोरंसुद्धा टाकीकाका म्हणतात. हे नाव ठेवलं सख्ख्या मेहुण्यानं. (मेहुणे त्यासाठीच असतात.)

आता रेडिओवर कुठल्याशा तापाची बातमी आली. हाताला हात लागून पसरतो म्हणे. लोक म्हणाले, लांबच्या शहरात आहे ना, मग आपल्याला काय? पण काकांची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी यायची होती. ताप काय पत्ता विचारून येणार आहे? काका पार पलीकडच्या बाजारातून स्पिरिट आणायला लागले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून नाही, कारण तिथला दुकानदार म्हणजे चालता भोंगा.

स्पिरिट उडून जातं. त्याला घट्ट फिरवून बसणारं, आट्यांचं झाकण लागतं. असं झाकण कुठल्या बाटलीला असतं? काकांनी भंगारवाल्याकडून दारूच्या रिकाम्या बाटल्या निवडून आणल्या, भरल्या आणि माळ्यावर रंगाच्या डब्यांमागे दडवल्या. (अक्कल नुसती हातात असली की असं होतं.)

मग बाहेरून आलं की हाताला स्पिरिट. लोकांशी बोलायचं ते लांबून, तोंड फिरवून. कुणी हात पुढे केला की यांचे हात पाठीमागे.

शिंपिणीनं काकूंना जिन्यात गाठलं. "काकू, राग नका मानू, पण काका हल्ली तोंड चुकवतात. आणि वास येतो."

"कसला वास?"

"आता मी कशाला माझ्या तोंडानं बोलू?" (बोलली नाही बिचारी. प्रत्येक मजल्यावर जाऊन बोलली नाही.)

काकूंनी नजर ठेवली. एक दिवस शिडी लावून माळा बघितला. त्याच संध्याकाळी काका घरात शिरतात तर समोर मेहुणा, चेहरा मयताला आल्यासारखा.

"भावोजी, ताईनं माळा बघितला."

काकांना वाटलं, कळलं सगळं! आता टाकीचं धरण होणार.

"बघितला तर बघितला," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"कधीपासून चाललंय?"

"तापाची बातमी आली तेव्हापासून."

"टेन्शन घेतलंत तर. दिवसातनं किती वेळा?"

"बाहेरून आल्यावर. जेवणाआधी. संडासातून आल्यावर."

"संडासातून आल्यावरसुद्धा?"

"तेव्हा तर लागतंच! तुम्हीपण सवय लावून घ्या."

काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि बाळ आल्यावर हो?"

"बाळाला उचलायच्या आधी तर घेतलंच पाहिजे!"

काकू हमसून रडायला लागल्या. मेहुणा उठून जवळ आला, काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "लाजू नका. व्यसन हा आजार असतो, भावोजी. आमच्या ऑफिसातले साहेबसुद्धा सुटले यातून."

आता काकांच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगावं तर हाच मेहुणा उद्या खिदळत फिरणार. हा माणूस जन्मात त्यांच्याशी इतकं हळू बोलला नव्हता. दारुड्याच्या खांद्यावर लोक हात ठेवतात. वेळेआधी तयारी करणाऱ्याच्या पाठीवर कुणी ठेवलाय?

"हो," काका म्हणाले. "पितो. थोडीशी."

तेवढ्यात लेकीचा फोन. काकूंनी तिला दुपारीच सांगून टाकलं होतं.

"बाबा, मी सासरीच राहते. तुमच्या घरात मी बाळ नाही आणणार."

तुमच्या घरात. आपल्या नाही म्हणाली. काकांनी फोन तसाच चालू टेबलावर ठेवला आणि शिडी ओढली. गेली खड्ड्यात अब्रू!

"दारू नाही ती! स्पिरिट आहे, हात धुवायला! पोरीसाठी आणलंय! थांबा, एकेक बाटली हुंगायला लावतो!"

हात घातला तर नुसते रंगाचे डबे.

"बाटल्या कुठायत?"

"ओतल्या मोरीत."

"सगळ्या?"

"मग काय पूजा करू? आणि वास तरी कसला मेला, इंजेक्शन टोचतात तसला..." काकू बोलता बोलता थांबल्या. मोरीत जाऊन वाकून बघितलं. झाडून सगळी झुरळं उताणी पडली होती. "अगं बाई! तरीच!"

टेबलावरच्या फोनमधून लेकीचं हसू ऐकू आलं. रडत होती की हसत होती, तिचं तिला ठाऊक. "बाबा, येते मी. पण आधी ती झुरळं काढा."

मेहुण्याचा चेहरा मात्र उतरला. एवढं चांगलं व्यसन हातचं गेलं. पण जिना उतरेपर्यंत सावरला. "आधी टाकी, आता बाटली!" असं तो प्रत्येक दारात सांगत गेला. लोकांना अख्खी गोष्ट कशाला लागते? बाटली तेवढी लक्षात राहिली.

आणि लेक आली त्याच आठवड्यात तापही आला. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे ही रांग! सगळ्यात पुढे मेहुणा, दोन्ही हातांत पिशव्या. त्याच्यामागे शिंपीण. आता कुणी हसत नव्हतं. सगळ्यात शेवटी काका, पलीकडच्या बाजारातलं स्पिरिट संपलं म्हणून. नंबर लागला तेव्हा फळीवर एकच बाटली उरली होती.

"स्पिरिट द्या."

दुकानदारानं बाटली उचलून मागे सरकवली. "तुम्हाला नाही, काका."

"का? फुकट मागतोय का?"

"मागे बाटल्या ओतल्या त्या दिवशीच काकू बजावून गेल्यात. दारू तोडली की माणूस स्पिरिटवर येतो म्हणाल्या. यांना दिलंत तर दुकानासमोर बसेन."

"अहो, ते तेव्हाचं! मला हाताला लावायचंय!"

"सगळे असंच म्हणतात," दुकानदार फार हळू आवाजात म्हणाला. आणि त्यानं गल्ल्यावरून वाकून काकांच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळपासून नोटा मोजलेला, बिनधुतलेला.