किलवर दुर्रीकडे अतिरिक्त कार्यभार

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी बदाम दश्शीने दोन दिवसांची रजा टाकली, आणि तिचा अतिरिक्त कार्यभार किलवर दुर्रीकडे देण्यात आला.

कऱ्हाडच्या बैठे खेळ अधिवेशनात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दश्शीची रजा शिल्लक होती, कारणही रास्त होतं. मेंढीकोटात चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि त्या पकडण्यासाठीच सगळा खेळ. अर्जात तिने "सततच्या धरपकडीने आलेला थकवा" असं लिहिलं होतं. मुक्काम गणपतीपुळे.

मुख्य पंच वाळिंबे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मंगल कार्यालयात त्यांनी माइकवरून आदेश वाचला, तेव्हा वधूपक्षाच्या खोलीतले बुद्धिबळवाले आवाज कमी करा म्हणून सांगायला आले. आदेश असा की, दुर्री ज्याच्या हातात येईल त्याला बाराच पत्ते मिळतील. दुर्री आधी मूळ पदावर एकदा खेळेल, मग परत त्याच हातात येऊन एकदा दश्शी म्हणून खेळेल. तिच्या कोपऱ्यावर लाल खूण करावी अशी सूचना आली होती. पण खूण केलेला पत्ता नियमात बसत नाही, म्हणून ती फेटाळली गेली.

आमचं मात्र वेगळंच चाललं होतं. लागोपाठ तीन वर्षं अंतिम फेरी हरलेली जोडी अधिवेशनात फोडतात आणि दोघांना नवे भिडू लावून देतात. मी आणि माझ्या नणंदबाई, कालिंदीवन्सं, दोन वर्षं हरलो होतो.

घरात आमचं पटत नाही. त्यांना आमटीत गूळ लागतो, मला चालत नाही, आणि एवढ्यावरून आम्ही आठ-आठ दिवस अबोला धरलेला आहे. पण पत्ते हातात आले, की समोर बसलेल्या वन्संच्या मनात काय आहे ते मला त्यांनी मान वर न करताही कळतं. मला दुसरा भिडू नको होता. हे मी त्यांना कधी बोलले नव्हते, कारण असलं काही बोलायची आमच्यात पद्धत नाही.

अंतिम फेरीत समोर विट्याचे साळुंखे बंधू होते. हुकूम बदाम लागला आणि दुर्री वन्संच्या हातात आली. तिसऱ्या हाताला ती मूळ पदावर खेळली, नेहमीप्रमाणे कुणी तिच्याकडे बघितलंही नाही, आणि परत वन्संकडे गेली. बारा हात संपले तेव्हा सहा-सहा झाले होते. मेंढ्याही अशा वाटल्या गेल्या होत्या, की शेवटचा हात ज्याचा, डाव त्याचा.

थोरल्या साळुंख्यांनी चौकट राजा टाकला. मी इस्पिक चव्वी टाकली, माझ्याकडे तेवढीच उरली होती. धाकट्यांनी किलवर गुलाम टाकला. आता वन्संनी दुर्री दश्शी म्हणून ठेवायची, म्हणजे हुकमाने हात आमचा.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी रुजू व्हायला आलेय."

बदाम दश्शी उभी होती. एसटीने आली होती, आणि समुद्राच्या हवेने तिच्या कडा जरा फुगल्या होत्या. पाचच्या आत हजर झालं तर अर्ध्या दिवसाची रजा वाचते, असा तिचा हिशेब होता.

"वाळिंबेसाहेब," थोरले साळुंखे म्हणाले, "मूळ बाई आल्या न्हवं? मग दुर्री आता नुस्ती दुर्री. ती मघाच खेळून झालीय. कालिंदीवैनींचा हात मोकळा, राजा आमचा."

वाळिंब्यांनी चष्मा पुसला. "मुद्दा बरोबर आहे. पण पदभार नुसतं येऊन मिळत नाही. देणाऱ्याची सही लागते." त्यांनी पदभाराचा कागद वन्संच्या हातातल्या दुर्रीपुढे धरला.

दुर्रीने कागद सावकाश वाचला.

"सही करते की," ती म्हणाली. "पण हातातलं काम अर्धं टाकून पदभार देता येत नाही. हो ना, साहेब?"

"नाही देता येत," वाळिंबे म्हणाले.

"मग ताई, तुम्ही जरा बसा. पाणी घ्या. एवढा हात होऊ द्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "इतक्या वर्षांत मी एकही हात घेतलेला नाही."

दश्शी घड्याळाकडे बघत राहिली. मग खुर्चीवर टेकली.

वन्सं नेहमी हुकूम असा आपटतात, की शेजारच्या टेबलावरच्या कॅरमच्या सोंगट्या हलतात. त्या दिवशी त्यांनी दुर्री दोन्ही हातांनी धरून राजावर ठेवली. हात आमचा झाला. धाकटे साळुंखे दुर्रीकडे वाकून बघत म्हणाले, "आयला, बरी दिसतीया की ही." थोरल्यांनी हात जोडले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता सही," वाळिंबे म्हणाले.

"राहू दे आज," दश्शी उठून म्हणाली. "उद्या सकाळी रुजू होईन. गेली अर्धी रजा तर गेली." आणि ती चहा कुठे मिळतो ते विचारत बाहेर गेली.

वाळिंब्यांनी रजिस्टर उघडलं, आमच्या नावांपुढे 'जोडी कायम' लिहिलं आणि संमतीच्या सह्या मागितल्या. वन्संनी पेन घेतलं, मग थांबल्या.

"शैला, तुला विचारायचं राहिलं. तुला चालेल ना गं, मीच?"

तीस वर्षांत त्यांनी मला काही विचारलेलं ते पहिलंच. मी म्हटलं, "मला तुम्हीच हव्यात, वन्सं." मग आम्ही दोघींनी सह्या केल्या.

साक्षीदार म्हणून दुर्रीने सही केली आणि खाली 'बदाम दश्शीकरिता' असं लिहिलं, कारण पाचला दहा मिनिटं होती आणि पदभार अजून तिच्याकडेच होता.